बंद पडलेल्या दोलनदर्शकाची गोष्ट

नाशिकमधील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे बोलण्यासाठी गेले होते. भाषण संपल्यावर विभागातील सरांनी प्रयोगशाळा दाखवली. सगळे जागच्या जागी, स्वच्छ. फक्त कोपऱ्यातल्या एका लोखंडी कपाटाला कुलूप होते. त्यात काय आहे असे विचारल्यावर सर जरा संकोचले. "डेडस्टॉक," ते म्हणाले. "निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला आहे. मंजुरी आली की भंगारात."

प्रयोगशाळेतल्या मामांनी कपाट उघडले. खालच्या खणात तीन दोलनदर्शक एकमेकांना टेकून बसले होते. दोलनदर्शक म्हणजे ऑसिलोस्कोप. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'सीआरओ' म्हणतात. त्यातल्या एकावर पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती : 'चालू होत नाही. ट्रान्सफॉर्मर जळाला. दुरुस्ती होणार नाही.' खाली सही नव्हती आणि तारीखही नव्हती.

"ट्रान्सफॉर्मर जळाला हे कोणी मोजून पाहिले?" मी विचारले.

सर आणि मामा एकमेकांकडे पाहू लागले. चिठ्ठी दोघांच्याही आधीची होती. ती वाचून पंधरा-वीस वर्षे कोणी त्या उपकरणाला हात लावला नव्हता. निदान मोजमापाने झालेले नव्हते, पण कागदावर लिहिलेले होते, आणि कागदावर लिहिलेले सहसा कोणी तपासत नाही. मी नाशिकमधला मुक्काम एका दिवसाने वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते उपकरण टेबलावर घेतले. त्या दिवशी जे झाले ते सांगताना या उपकरणाचा इतिहासही सांगावा लागेल, कारण बंद पडलेले उपकरण उघडले की त्यातला प्रत्येक भाग कोणत्या तरी काळातून आलेला दिसतो.

फ्यूज काय सांगतो

उपकरण साधेच होते. भारतीय बनावटीचे, १९८०च्या दशकातले, २० मेगाहर्ट्‌झपर्यंत चालणारे, दोन वाहिन्यांचे. चालू न होणाऱ्या उपकरणाची तपासणी नेहमी भिंतीपासून सुरू करावी आणि विजेच्या वाटेने एकेक पाऊल आत जावे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज होती. वायर मल्टिमीटरने तपासली, तिन्ही तारा अखंड होत्या. मागच्या बाजूला विद्युतदाब निवडण्याची खिटी २३० व्होल्टवर होती. मग फ्यूज काढला.

फ्यूजची काच आतून काळी-चंदेरी झाली होती. ही खूण महत्त्वाची आहे. फ्यूजची तार वयाने किंवा थोड्याशा जादा प्रवाहाने तुटली, तर ती मधोमध वितळून लोंबते आणि काच स्वच्छ राहते. प्रचंड प्रवाह एकदम गेला, तर तार क्षणात वाफ होऊन काचेवर बसते. म्हणजे आत कुठे तरी शॉर्ट आहे, हे आम्हाला झाकण उघडण्याआधीच कळले. अशा वेळी नवा फ्यूज घालून पाहण्यात अर्थ नसतो, तोही जाणार. आणि जाड फ्यूज किंवा तांब्याची तार गुंडाळणे तर अगदीच घातक. मग फ्यूजच्या ऐवजी खरोखरच ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता चिठ्ठीची परीक्षा. उपकरण विजेपासून तोडून, चालू करण्याचे बटण दाबून, ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजला. तो सुमारे ३५ ओहम भरला. या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला तो शोभतो. वेटोळे तुटलेले असते तर मीटरने अनंत रोध दाखवला असता. वेटोळ्यापासून धातूच्या सांगाड्यापर्यंत मात्र मीटर अनंतच दाखवत होता, आणि तसेच हवे. जळल्याचा वासही नव्हता. चिठ्ठी संशयास्पद ठरली, पण खोटी ठरली नाही. आतले काही फेरे एकमेकांना चिकटले असतील, तर ते अशा मोजणीत कळत नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा हवी होती, पण झाकण उघडण्याआधी आत काय आहे हे विद्यार्थ्यांना सांगणे भाग होते.

काचेच्या नळीतला शंभर वर्षांचा प्रवास

दोलनदर्शकाच्या मध्यभागी लांबट, मानेकडे निमुळती होणारी काचेची नळी असते. तिचा जन्म १८९७ सालचा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन ऋणकिरण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात वळवून इलेक्ट्रॉनचा शोध घेत होते. त्याच वर्षी, त्या वेळी जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी तेच किरण वेगळ्या कामाला लावले. किरण म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न नव्हता. किरण वळतो, तर तो वळवणाऱ्या गोष्टीचे मोजमाप त्यानेच करता येईल, हा त्यांचा विचार होता. नळीबाहेर तारेचे वेटोळे ठेवून त्यातून त्यांनी शहराच्या वीजकेंद्राचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला. पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका वर-खाली नाचू लागला. तो फिरत्या आरशात पाहिल्यावर लाट उलगडून दिसली. डोळ्याला कधीच न दिसणारी वीज अशी हलत्या आकृतीत दिसली. ब्राउन यांनी या नळीचे पेटंट घेतले नाही. पुढे १९०९ साली त्यांना मार्कोनी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते बिनतारी संदेशवहनासाठी.

आरशाची कटकट १८९९ साली ब्राउन यांचे सहायक योनाथान झेनेक यांनी संपवली. ठिपका आडवा सरकवण्याचे कामही त्यांनी विजेलाच दिले. ठिपका डावीकडून उजवीकडे ठरावीक वेगाने सरकतो आणि झटकन परत येतो. आडवा अक्ष काळाचा झाला. आपण फळ्यावर काढतो तो काल-विस्थापनाचा आलेख आता निसर्ग स्वतः काढू लागला.

ब्राउन यांच्या नळीला हजारो व्होल्ट लागत, कारण तिचा ऋणाग्र थंड असे. १९०३-०४च्या सुमारास आर्थर वेनेल्ट यांनी ऑक्साइडचा लेप दिलेला तापता ऋणाग्र आणला. त्यातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जे. बी. जॉन्सन यांनी तापत्या ऋणाग्राची, कायमची बंद केलेली, तीनशे-चारशे व्होल्टवर चालणारी नळी बनवली. तेव्हा हे उपकरण भौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून साध्या टेबलावर आले. ३०० व्होल्टने प्रवेगित झालेल्या इलेक्ट्रॉनचा वेग किती, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर सेकंदाला सुमारे १० हजार किलोमीटर येते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तिसावा भाग. इतका हलका, इतका चपळ काटा दुसऱ्या कोणत्याही मोजयंत्राला नाही.

आमच्या टेबलावरच्या उपकरणातल्या नळीला मात्र जवळजवळ २००० व्होल्ट लागत होते, कारण वेगवान लाट तेजस्वी दिसायची तर इलेक्ट्रॉन जोरात आदळायला हवेत. म्हणून मी विद्यार्थ्यांना सक्त सांगितले : बघायचे, हात घालायचा नाही. वीज बंद केल्यानंतरही धारित्रांत प्रभार उरतो. तो योग्य रोधामधून उतरवून, मीटरने खात्री करून मगच स्पर्श करायचा. असे काम एकट्याने करायचे नाही, घाईत करायचे नाही, अर्थिंग काढून तर कधीच करायचे नाही. ज्यांना याचा सराव नाही अशा शिक्षकांनी बाहेरची तपासणी स्वतः करावी, पण आतले काम जाणकार तंत्रज्ञाला बोलावूनच करून घ्यावे.

दिवा आणि डायोड

आमची दुसरी परीक्षा मामांच्या चांगल्या ओळखीची निघाली. १०० वॉटचा तारेचा बल्ब उपकरणाशी एकसर जोडायचा. वीजकाम करणारे याला सिरीज बोर्ड म्हणतात. आत शॉर्ट असेल, तर सगळा विद्युतदाब बल्बवर येतो आणि तो भगभगीत पेटतो. उपकरण ठीक असेल, तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. बल्बच प्रवाहाला आवर घालत असल्यामुळे काही जळत नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित युक्ती नाही.

नवा, योग्य क्षमतेचा फ्यूज घालून बटण दाबले. बल्ब पूर्ण तेजाने पेटला. मुलांमधून "गेला!" असा आवाज आला. बटण बंद केले, धारित्रे उतरवली, आणि ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूच्या तारा खुणा करून एकेक सुट्या केल्या. पुन्हा बटण दाबले. आता बल्बची तार जेमतेम लालसर दिसली. ट्रान्सफॉर्मरवर काहीही भार नसताना तो जवळजवळ प्रवाहच घेत नव्हता. आतले फेरे चिकटलेले असते, तर बल्ब तसाच पेटत राहिला असता. चिठ्ठी खोटी होती. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता.

मग जळाले काय? सुट्या केलेल्या तारा एकेक करून जोडत गेलो. १२ व्होल्टची जोडी जोडताच बल्ब उजळला. त्या वाटेवर पुढे चार डायोडांचा पूल होता, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला एकाच दिशेने वळवणारे चार दरवाजे. तारा जोडलेल्या असताना दोन डायोड दोन्ही दिशांनी शून्य रोध दाखवत होते. हे फसवे असते, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा रोध इतका कमी असतो की एका मेलेल्या डायोडची सावली शेजाऱ्यावर पडते. तारा पुन्हा सोडवल्यावर एकच डायोड मेलेला निघाला. बाकीचे तिघे एका दिशेने अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवत होते आणि दुसऱ्या दिशेने वाट अडवत होते.

एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, डायोड बदलला की झाले ना?" झाले असते, कदाचित आठवडाभरासाठी. डायोड आपण होऊन क्वचित मरतो. त्याच्या पुढे दोन-अडीच इंच उंचीचे धारित्र होते. त्याची डोक्याकडची बाजू किंचित फुगली होती. ते काढून मोजले, तर मीटर प्रभारित होत वर चढण्याऐवजी काही ओहमांवरच अडकला. धारित्र आतून गळत होते.

या धारित्राची कथा समजून घेण्यासारखी आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि तोच विद्युतरोधक असतो. दुसरी बाजू असते द्रवाने भिजलेल्या कागदाची. थर पातळ, म्हणून लहान आकारात मोठी धारिता. पण त्या थराची डागडुजी सतत विजेनेच होत असते. उपकरण वर्षानुवर्षे बंद पडून राहिले की थर क्षीण होतो. उलट उष्णतेत सतत चालले की द्रव सुकतो. ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की अशा धारित्राचे आयुष्य निम्मे होते. म्हणून जुने इलेक्ट्रॉनिक उपकरण 'चालू होत नाही' तेव्हा पहिला संशय वीजपुरवठ्यावर आणि त्यातही या धारित्रांवर घ्यावा. महागडी नळी, नाजूक प्रवर्धक हे सहसा शाबूत असतात.

आता सगळी साखळी दिसली. काळाने आणि उष्णतेने धारित्र खंगले. गळत्या धारित्राने जादा प्रवाह ओढून डायोड मारला. मेलेल्या डायोडने फ्यूज उडवला. आणि उडालेला फ्यूज पाहून कोणी तरी लिहिले : ट्रान्सफॉर्मर जळाला. प्रत्येक पायरीवर दिसणारा मृत भाग हा बळी होता, दोषी त्याच्या मागे उभा होता. इतिहासाच्या तासाला आपण युद्धाचे 'तात्कालिक कारण' आणि 'मूळ कारण' असा फरक शिकवतो. दुरुस्ती करणारा तोच फरक हातातल्या मीटरने करतो.

दुरुस्तीच्या दुकानातून आलेले यंत्र

विद्यार्थी दुकानातून सुटे भाग आणायला गेले तोवर मी बाकीच्यांना अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या एका दुकानाची गोष्ट सांगितली. १९३०च्या दशकात जॅक मर्डॉक यांचे रेडिओ आणि घरगुती उपकरणांचे दुकान होते. तिथे रेडिओ दुरुस्त करण्याचे काम हॉवर्ड व्होलम नावाचा तरुण पदवीधर करी. त्याने महाविद्यालयात असतानाच स्वतःसाठी दोलनदर्शक बनवला होता. महायुद्धात व्होलम यांनी रडारवर काम केले. युद्ध संपल्यावर १९४६ साली दोघांनी आणखी दोन सोबत्यांसह टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली.

त्या काळच्या दोलनदर्शकात ठिपका आपल्याच लयीत आडवा धावत राही. मोजायची लाट त्या लयीशी जुळली नाही, की चित्र पडद्यावर वाहत जाई. व्होलम यांच्या उपकरणात ठिपका डावीकडे थांबून वाट पाहतो. लाट ठरवलेल्या पातळीला पोहोचली की मगच निघतो. दर वेळी लाटेच्या त्याच बिंदूपासून निघाल्यामुळे चित्र स्थिर राहते. आज प्रत्येक दोलनदर्शकावर 'ट्रिगर' असे लिहिलेली खुंटी असते, ती हीच. १९४७ साली बाजारात आलेल्या त्यांच्या ५११ या उपकरणाची किंमत ७९५ डॉलर होती.

त्याच वर्षी हीथ कंपनीने युद्धात उरलेले सुटे भाग स्वस्तात विकत घेऊन दोलनदर्शकाचा संच विकायला काढला. किंमत ३९ डॉलर ५० सेंट. पण तो तयार मिळत नसे. भाग, आराखडा आणि सूचनापुस्तिका मिळे, झाळणी ग्राहकाने करायची. या दोन उपकरणांत वीसपट किमतीचा फरक होता, पण एक गोष्ट समान होती. दोन्ही कंपन्यांनी उपकरणाबरोबर संपूर्ण परिपथ दिला. टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या पुस्तिकांत कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट असावेत आणि लाट कशी दिसावी हेही छापलेले असे. त्या उपकरणांत सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर झाळलेले असत. त्या पट्ट्यांना चांदीचा अंश असलेलेच झाळ लागते, म्हणून त्याची छोटी गुंडाळी कारखान्यातूनच उपकरणाच्या आत लावून दिलेली असे. बनवणाऱ्याने गृहीतच धरले होते की हे एक दिवस बिघडणार, आणि कोणी तरी ते उघडणार. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे हात ज्याला होते, त्यालाच हे सुचणार.

ठाणे आणि कल्याण

आपल्याकडे ही उपकरणे सुरुवातीला आयातच होत. १९५७-५८च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात कठीण झाली. उपकरण बिघडले तर नवे मागवणे ही वर्षांची गोष्ट होती. १९६२ साली प्रभाकर देवधर यांनी ठाण्यात ॲप्लॅब ही कंपनी सुरू केली. तिने मोजमापाची उपकरणे आणि वीजपुरवठ्याचे संच देशातच बनवले. दोलनदर्शकही त्यात होते. देवधर पुढे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६३ साली होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६६ साली आला. १९६७ साली अणुऊर्जा खात्याच्या इलेक्ट्रॉनिक्समधील कामातून हैदराबादची ईसीआयएल उभी राहिली. महाविद्यालयांच्या कपाटांत आज पडून असलेल्या भारतीय दोलनदर्शकांच्या मागे ही पार्श्वभूमी आहे. 'देशात मोजता आले पाहिजे' या हट्टातून ती उपकरणे जन्मली.

त्याच काळात, ठाण्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणला, दुसऱ्याने वापरून झालेल्या उपकरणांचा एक मोठा प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या ३२ लहान तबकड्या होत्या. तिथले काम संपल्यावर त्या भारताला भेट मिळाल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९६५ साली त्या कल्याणला उभ्या केल्या, आणि ६१० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर सूर्याचा अभ्यास सुरू केला. तबकड्या जुन्या होत्या, पण त्या उभारताना शिकलेले हात नवे होते. हाच गट पुढे उटीच्या दुर्बिणीकडे आणि मग नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ खोडद येथील जीएमआरटीकडे गेला. जुने उपकरण चालू करणे ही गरिबाची तडजोड आहे, असे मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

उघडता येणारे आणि न येणारे

सुटे भाग आले. चार नवे डायोड आणि दोन धारित्रे मिळून शंभर रुपयांच्या आत काम झाले. चारही डायोड बदलले, कारण धक्का सगळ्यांनीच सोसला होता. धारित्र जुन्याइतक्याच धारितेचे, पण थोड्या जास्त व्होल्टचे आणि जास्त तापमान सोसणारे घेतले. ध्रुव उलटे लागू नयेत म्हणून दोनदा पाहिले. दुसऱ्या, उणे १२ व्होल्टच्या वाटेवरचे धारित्रही बदलले. तेही त्याच वयाचे होते.

हे सगळे आम्हाला जमले याचे खरे श्रेय कपाटातल्या एका धूळ खाल्लेल्या पुस्तिकेला आहे. त्यात संपूर्ण परिपथ छापलेला होता. ती नसती तर कोणत्या तारेवर किती व्होल्ट हवेत, हे आम्ही अंदाजाने ठरवले असते. आज माझ्या प्रयोगशाळेत अंकीय दोलनदर्शक आहेत. ते हलके आहेत, अचूक आहेत, एकदाच घडून गेलेली घटना साठवून ठेवतात. त्यांचे मोल मला ठाऊक आहे. पण त्यांच्या पुस्तिकेत परिपथ नसतो. बिघाड झाला की अख्खी पट्टी बदलायची, किंवा नवे उपकरण घ्यायचे. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने असे विषय त्यात आहेत. व्होलम यांच्या काळी ज्याची मागणी करावी लागत नव्हती, त्यासाठी आता हक्क मागावा लागतो.

नाशिककरांना दुरुस्तीचे महत्त्व खरे तर वेगळे सांगायला नको. शहराजवळ ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथेच हवाई दलाचा दुरुस्ती तळ आहे, आणि मिग-२९ आणि सुखोई-३० सारखी लढाऊ विमाने तिथे पूर्ण उघडून पुन्हा जोडली जातात. तिथे एखादे विमान चालू झाले नाही, म्हणून त्यावर बिनसहीची चिठ्ठी चिकटवून कोणी ते कपाटात ठेवत नाही. प्रत्येक भागाची नोंद असते : कधी बसवला, किती तास चालला, कोणी तपासला. हीच शिस्त दोलनदर्शकाला का लागू नये? डेडस्टॉक नोंदवहीत एक रकाना वाढवायला खर्च येत नाही : 'काय मोजले, किती आले, कोणी मोजले.' हा रकाना कोरा असेल, तर निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे जाऊ नये. सगळीच उपकरणे वाचतात असे नाही. कपाटातल्या दुसऱ्या दोलनदर्शकाच्या नळीची मान तडकून हवा आत गेली होती, आणि तशी नळी नव्याने सहज मिळत नाही. त्यावर आम्ही तारीख, सही आणि कारण लिहिले. नळीच्या काचेत शिसे असू शकते, म्हणून ते ई-कचऱ्यात द्यावे, भंगारवाल्याला नाही, हेही लिहिले. त्याचे शाबूत भाग काढून ठेवले. मृत्यूचा दाखलाही मोजमापाने लिहिता येतो.

पडद्यावर नाशिकची वीज

सायंकाळी पाचच्या सुमारास बल्ब जोडून बटण दाबले. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. दोन्ही वाटांवर पुस्तिकेत दिलेले व्होल्ट मिळाले. मग बल्ब काढला आणि उपकरण सरळ विजेवर लावले. ऋणाग्र तापायला वेळ लागतो, हे माहीत असूनही ते अर्धे मिनिट मोठे वाटले. मग पडद्यावर एक हिरवट, जाडसर रेघ उमटली. मामांनी पुढे येऊन फोकसची खुंटी फिरवली. ती कुठली, हे त्यांच्या बोटांना अजून आठवत होते. रेघ बारीक झाली.

सरांनी ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणून त्याची दुय्यम बाजू उपकरणाला जोडली. आडव्या अक्षावर एका घराला ५ मिलिसेकंद ठेवले. एक पूर्ण लाट चार घरांत बसली, म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजेच ५० हर्ट्‌झ. १८९७ साली ब्राउन यांनी स्ट्रासबुर्गची वीज पाहिली होती. ही नाशिकची वीज होती.

मागच्या रांगेतला एक मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत होता. "मॅडम, पुस्तकातली साइन लाट वर गोल असते," तो म्हणाला. "ही माथ्यावर चपटी का आहे? उपकरण अजून बिघडलेले आहे का?"

उपकरण बिघडलेले नव्हते. शहरातल्या हजारो संगणकांत, दूरचित्रवाणी संचांत आणि चार्जरमध्ये डायोडांचा पूल आणि त्यामागे एक धारित्र असते, अगदी आम्ही सकाळी बदलले तसेच. ही धारित्रे लाटेच्या माथ्याजवळच, थोडाच वेळ, पण एकदम प्रवाह ओढतात. सगळ्यांनी एकाच वेळी ओढल्यामुळे तारांमध्ये तेवढ्या वेळापुरता विद्युतदाब घसरतो आणि माथा चपटा होतो. पुस्तकातली लाट कारखान्यातून निघालेली असते. पडद्यावरची लाट सगळ्या शहराने वापरलेली असते.

मुलाने वहीत ती चपटी लाट काढून घेतली. मामांनी उपकरणावरची जुनी चिठ्ठी सोलून काढली आणि तिच्या जागी नवी लावली. त्यावर काय बदलले ते होते, पुढच्या वेळी आधी काय तपासावे ते होते, आणि खाली तारीख व सही होती. तिसऱ्या दोलनदर्शकाकडे पाहून ते सरांना म्हणाले, "सर, याचा प्रस्ताव परत मागवता येईल का?"